'पडताना' पाहिलं, की 'पडलेले' दिसले?

आदरणीय बाई,

मी काळाचौकीला राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी. ए. गेले आठ महिने फोर्टमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात आहे. मराठी जबाब आणि प्रतिज्ञापत्रांचा मजकूर इंग्रजीत करणं हे माझं काम. परवा एका साक्षीदाराच्या मजकुरात वाक्य होतं, 'मी खाली आलो तेव्हा काका जिन्यात पडलेले दिसले.' मी लिहिलं, 'आय सॉ हिम फॉल ऑन द स्टेअर्स.' साहेबांनी लाल पेनाने ते खोडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, 'याने पडताना पाहिलं का? उलटतपासणीत हा उभा तरी राहील का?' मी घाबरून पुढच्या प्रत्येक वाक्यात 'सॉ दॅट' घातलं, तर तेही खोडलं. घरी येऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं. 'सॉ हिम फॉल' या पहिल्या रचनेत कर्मपूरक, म्हणजे कर्माबद्दलचा अर्थ पुरा करणारा शब्द असतो आणि 'सॉ दॅट' या दुसऱ्या रचनेत नामवाक्य, म्हणजे नामाच्या जागी बसणारं पूर्ण वाक्य, एवढं कळलं. पण माझ्या कानाला दोन्ही सारखीच वाटतात. मराठी माध्यमामुळे माझा कानच तयार झाला नाही का?

– एक वाचक

प्रिय मुली,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण लाल पेनापेक्षा तोच तुला जास्त लागला आहे असं पत्रावरून वाटतं. तुझा कान तयार आहे. चांगला तयार आहे. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ.

मी तिला रडताना पाहिलं.
ती रडलेली दिसली.
ती रडल्याचं कळलं.

पहिल्या वाक्यात तू तिथे उभी आहेस आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आहे. दुसऱ्यात तू नंतर पोचलीस. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि त्यावरून तुला उमगलं. तिसऱ्यात तू तिला पाहिलंही नसशील, कुणीतरी येऊन सांगितलं. हा फरक तुला कुठल्याही शाळेने शिकवला नाही, तो तुझ्या आईच्या बोलण्यातून आला. इंग्रजीलाही नेमका हाच फरक करायचा असतो, फक्त तो करण्याची तिची हत्यारं वेगळी आहेत. पहिल्याला ती 'आय सॉ हर क्रायिंग' म्हणेल, दुसऱ्याला 'आय सॉ दॅट शी हॅड बीन क्रायिंग', आणि तिसऱ्याला 'आय हर्ड दॅट शी हॅड बीन क्रायिंग'.

तुझी चूक झाली ती 'पडलेले' या शब्दाकडे न बघता 'दिसले'कडे बघितल्यामुळे. 'दिसले' म्हणजे 'सॉ', आणि 'पड' म्हणजे 'फॉल', असा जोड तू लावलास. पण साक्षीदाराने 'पडलेले' म्हटलं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे पडणं आलंच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आला तो जिन्यात आडवा असलेला माणूस. म्हणून इंग्रजी वाक्य होतं, 'आय सॉ हिम लायिंग ऑन द स्टेअर्स.' 'फॉल' हा शब्दच त्या वाक्यात यायला नको होता.

आता पुस्तकातल्या त्या दोन नावांकडे येऊ.

'आय सॉ हिम फॉल' या वाक्यात 'हिम' कर्म आणि 'फॉल' कर्मपूरक, असं शाळेतलं व्याकरण सांगतं. हे वर्गापुरतं ठीक आहे. पण 'आय हर्ड द विंडो ब्रेक' हे वाक्य घे. खिडकी कुणाला ऐकू येते का? ऐकू आलं ते खिडकीचं फुटणं. म्हणजे पाहण्या-ऐकण्याचं खरं कर्म ती वस्तू नाही आणि ती व्यक्तीही नाही, ती अख्खी घटना आहे. डेन्मार्कचे व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी कर्ता आणि क्रिया यांच्या अशा जोडीला 'नेक्सस' असं नाव दिलं होतं, आणि ही जोडी एकसंधपणे क्रियापदाचं कर्म होते असं ते मानत. मला त्यांचं म्हणणं पटतं. 'हिम' हे रूप कर्माचं असलं तरी अर्थाने तो पडण्याचा कर्ताच आहे. तू मनात 'त्याचं पडणं मी पाहिलं' असं म्हण, आणि मग कर्म कुठलं नि पूरक कुठलं हा वाद परीक्षेपुरता सोडून दे.

'आय सॉ दॅट...' इथे मात्र घटना डोळ्यांत शिरत नाही. 'दॅट'च्या पुढे एक पूर्ण विधान असतं, आणि ते विधान खरं आहे हे तुला काहीतरी पाहून समजलं, एवढंच वाक्य सांगतं. समजण्याचा तो आधार डोळ्यांपुढची घटना असेलही, पण वाक्य त्याची हमी देत नाही. जिन्यात सांडलेलं दूध, फुटलेला चष्मा, आडवा माणूस, यावरूनही 'आय सॉ दॅट ही हॅड फॉलन' म्हणता येतं. म्हणूनच तू घाबरून सगळीकडे 'सॉ दॅट' लावलंस तेव्हा साहेबांनी तेही खोडलं. ज्यांनी खरोखर डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांची साक्ष तू त्या एका 'दॅट'ने कच्ची केलीस. समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, 'हे कशावरून समजलं?'

या दोघांतला फरक पक्का करायचा तर काळ बदलून बघ. 'आय सी दॅट इट रेन्ड लास्ट नाइट' हे अगदी बरोबर इंग्रजी आहे. पाऊस काल रात्री पडला, मी आज सकाळी ओलं अंगण पाहते आहे. पण 'आय सी इट रेन लास्ट नाइट' होत नाही, कारण पाहणं आणि घडणं एकाच क्षणी असावं लागतं. नामवाक्याला स्वतःचा काळ असतो. कर्मपूरकाला नसतो, तो पाहण्याच्या काळाला बांधलेला असतो.

नकारही बघ. तुझ्या कामात याने फार मोठा फरक पडतो. 'आय डिड नॉट सी हिम लीव्ह' म्हणजे त्याला जाताना मी पाहिलं नाही. तो गेला असेल, नसेल, माझी नजर तिथे नव्हती. 'आय सॉ दॅट ही हॅड नॉट लेफ्ट' म्हणजे तो गेलेला नाही याची मी खात्री केली, तो खुर्चीत बसलेला होता. मराठीत 'तो गेलेला दिसला नाही' हे वाक्य दोन्हीकडे ओढता येतं. असं वाक्य समोर आलं की अंदाज करू नकोस, साक्षीदाराला फोन कर.

आणखी एक. माणसाला माहीत असणं, आवडणं, पटणं हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे 'आय सॉ हिम नो द आन्सर' असं इंग्रजी कुणी बोलत नाही. तिथे 'आय सॉ दॅट ही न्यू द आन्सर' असंच लागतं, कारण त्याच्या चेहऱ्यावरून तू ते ताडलंस. 'त्याला सगळं माहीत असल्याचं दिसत होतं' अशी वाक्यं जबाबात येतात, तेव्हा नामवाक्य वापरताना मुळीच कचरू नकोस.

ओळखीचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. जॉन बारवाइज नावाचे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८१ साली 'सॉ हिम फॉल'सारख्या, म्हणजे दुसरं क्रियापद 'टू'शिवाय येणाऱ्या, वाक्यांवर एक निबंध लिहिला आणि त्यानंतर तत्त्वज्ञानातली मंडळीही या वाक्यांकडे गंभीरपणे बघू लागली. त्यातला एक विचार साध्या शब्दांत सांगते. समज, तू संध्याकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी एका उंच माणसाला वखारीत शिरताना पाहिलंस. तो कोण हे तुला माहीत नव्हतं. नंतर कळलं की तो वखारीचा मालक होता. आता 'शी सॉ द ओनर एंटर' हे तुझ्याबद्दल खरं आहे, कारण तू ज्याला पाहिलंस तो मालकच होता, तुला ते तेव्हा ठाऊक असो वा नसो. पण 'शी सॉ दॅट द ओनर एंटर्ड' हे खरं नाही, कारण तो मालक आहे हे तुला त्या क्षणी समजलेलंच नव्हतं. कर्मपूरक डोळ्यांबद्दल बोलतं, नामवाक्य समजेबद्दल. कोर्टात ओळख पटवण्याचा प्रश्न जिथे येतो, तिथे ही एवढीशी 'दॅट' साक्षीदाराला न कळलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालू शकते. साक्षीदाराने 'एका उंच माणसाला शिरताना पाहिलं' म्हटलं असेल, तर भाषांतरातही तो उंच माणूसच राहू दे. त्याला मालक करणं हे पुढच्या पुराव्याचं काम आहे.

'फॉल' की 'फॉलिंग' हे तू विचारलं नाहीस, पण पुढच्या आठवड्यात विचारशील. दोन्ही कर्मपूरकंच, दोन्हींत घटना डोळ्यांसमोर. 'आय सॉ हिम क्रॉस द रोड' म्हणजे या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंतचं ओलांडणं पूर्ण पाहिलं. 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड' म्हणजे तो रस्त्यात असताना पाहिलं. पोचला की नाही, ते वाक्य सांगत नाही.

यात किती जीव असतो ते मला एका जबाबाने कळलं. मी तेव्हा परळकडे रात्रशाळेत शिकवत होते. दिवसा गिरणीत नाहीतर गाळ्यात काम करून रात्री सातला वर्गात येणारी मुलं. एका रात्री परतताना प्लॅटफॉर्मवर एक मुलगा सुटलेल्या लोकलचा दांडा पकडताना मला दिसला. मधे माणसं आली. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ओरडा ऐकला. पोलिसांनी माझा जबाब घेतला. मी म्हटलं होतं, 'मी त्याला चढताना पाहिलं.' कागदावर आलं, 'सदर इसम गाडीत चढल्याचे पाहिले.' मी सही करायला पेन हातात घेतलं आणि थांबले. चढल्याचे नाही हो, चढताना. लिहिणाऱ्याला ते एकच वाटत होतं. मला वाटत नव्हतं, कारण चढला असता तर तो पडला नसता. त्यांनी अखेर ती ओळ बदलली आणि बाजूला माझी छोटी सही घेतली. तो मुलगा वाचला, पायावर निभावलं. पण 'चढताना' आणि 'चढल्याचे' यांतलं अंतर मी त्यानंतर कधी विसरले नाही. 'आय सॉ हिम बोर्डिंग द ट्रेन' आणि 'आय सॉ दॅट ही हॅड बोर्डेड द ट्रेन' यांच्यात नेमकं तेवढंच अंतर आहे.

म्हणून तुला सांगते, अडचण मराठी माध्यमाची नाही. अडचण कचेरीच्या मराठीची आहे. आपली बोलती मराठी 'ताना', 'लेला', 'ल्याचं' हे तीन धागे अगदी वेगळे ठेवते. पण जबाब, पंचनामा, अर्ज आणि वर्तमानपत्राची बातमी या सगळ्यांना 'ल्याचे' फार प्रिय. आग लागल्याचे दिसले, भांडण झाल्याचे ऐकले, धक्का दिल्याचे पाहिले. पाहणारा, ऐकणारा आणि नुसता अंदाज बांधणारा, तिघेही एकाच 'ल्याचे'मध्ये जातात. हे 'ल्याचे' म्हणजे इंग्रजीचं नामवाक्यच. तू त्याचं इमानदारीने 'सॉ दॅट' केलंस तर साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्यांदा पुसलं जातं. तुझ्या हातात येणारा मराठी मजकूर हा बहुतेक वेळा मूळ नसतो, ते पहिलं भाषांतर असतं. बोलीतून कचेरीत झालेलं.

उलटा धोकाही आहे. बोलत्या मराठीत माणूस म्हणतो, 'त्याने धक्का दिला ते मी पाहिलं.' बांधणीने हे नामवाक्य आहे, 'त्याने धक्का दिला' हे पूर्ण वाक्य आत बसलंय. म्हणून 'आय सॉ दॅट ही पुश्ड हिम' करावंसं वाटतं. पण अर्थ काय आहे? धक्का डोळ्यांनी पाहिला, पूर्ण पाहिला. इंग्रजीत ते होतं, 'आय सॉ हिम पुश द ओल्ड मॅन.' घटना अथपासून इतिपर्यंत पाहिली हे सांगायला मराठीकडे इंग्रजीसारखं नुसतं 'पुश' नाही. 'ढकलताना' म्हटलं की ढकलणं चालू असतानाची झलक येते, म्हणून आपण 'ते मी पाहिलं' म्हणतो. तेव्हा मराठीत नामवाक्य दिसलं म्हणून इंग्रजीत नामवाक्य लिहायचं, हा नियम करू नकोस. डोळ्यांपर्यंत काय पोचलं तेवढं विचार.

आता ऐकण्याबद्दल. इथे तुझ्या साहेबांचा राग मला पूर्ण समजतो.

'आय हर्ड हिम शाउट' म्हणजे त्याचा ओरडा माझ्या कानांवर आला. 'आय हर्ड दॅट ही शाउटेड' म्हणजे तो ओरडला असं मला कुणीतरी सांगितलं. 'सी दॅट'मध्ये निदान मी काहीतरी पाहून खात्री केलेली असते. 'हिअर दॅट'मध्ये खात्री नाहीच, ती बातमी आहे, खोटीही निघू शकते. आणि कायदा नेमका इथे बोट ठेवतो. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात कलम ६० होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ५५ आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. गोष्ट पाहण्यासारखी असेल तर ती मी पाहिली असं म्हणणारा साक्षीदार हवा, ऐकण्यासारखी असेल तर मी ऐकली असं म्हणणारा हवा. म्हणजे तुझ्या 'दॅट'मुळे स्वतः ओरडा ऐकलेल्या माणसाची साक्ष ऐकीव पुराव्यात जाऊन बसते. एका शब्दाने.

मराठीत हा फरक आपण 'असं' आणि 'हे'ने आणखी बारीक करतो, आणि तो मला फार सुंदर वाटतो. 'त्यांचं भांडण झालं असं ऐकलं' म्हणताना मी ते आपल्या अंगावर घेत नाही, ऐकलं तसं पुढे देते. 'त्यांचं भांडण झालं हे ऐकून वाईट वाटलं' म्हणताना भांडण झालं हे मी धरून चालते. आमच्या आजीच्या तोंडी 'भांडण झालं म्हणून ऐकलं' असायचं, त्यात तर अंतर आणखी वाढतं. इंग्रजीत तिन्हींना 'दॅट' एकच. त्यामुळे साक्षीदाराने 'असं ऐकलं' म्हटलं असेल तर कुणाकडून ऐकलं तेही त्याला विचारून वाक्यात आण. 'आय हर्ड हर से दॅट ही हॅड पुश्ड द ओल्ड मॅन.' या एका वाक्यात दोन्ही रचना आहेत. 'हर से' हे कर्मपूरक: तिचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. 'दॅट'च्या पुढे नामवाक्य: धक्क्याची गोष्ट तिची, माझी नाही. कुठे प्रत्यक्ष संपतं आणि कुठे ऐकीव सुरू होतं, ती रेघ वाक्यातच ओढलेली आहे. असं वाक्य लिहिता आलं की तुझं काम तुला येतं.

बाकीच्या क्रियापदांचं थोडक्यात सांगते. 'वॉच'ला 'दॅट' चालत नाही, कारण टक लावून बघणं घटनेचंच असतं. 'वॉच हिम वर्क' बरोबर. 'फील'ची काळजी घे. 'आय फेल्ट द स्टेअरकेस शेक' म्हणजे जिना हलला तो पायांना जाणवला, आणि 'आय फेल्ट दॅट द स्टेअरकेस वॉज अनसेफ' म्हणजे माझं मत. लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींच्या प्रकरणांत ही दोन्ही वाक्यं तुला लागतील, मत आणि जाणीव यांची सरमिसळ होऊ देऊ नकोस. 'स्मेल' आणि 'फाइंड'पुढे 'फॉल'सारखं नुसतं रूप येत नाही, चालू क्रियेसाठी 'इंग'चं रूप येतं: 'आय स्मेल्ट समथिंग बर्निंग', 'आय फाउंड हिम स्लीपिंग'. क्रिया त्या माणसावर झाली असेल तर भूतकाळवाचक धातुसाधित: 'आय हर्ड माय नेम कॉल्ड', माझं नाव पुकारलेलं ऐकलं. आणि 'मला तो दिसत होता' याचं 'आय वॉज सीइंग हिम' मुळीच करू नकोस, त्याचा इंग्रजीत अर्थ प्रेमसंबंधाकडे जातो. 'आय कुड सी हिम' म्हण.

'टू'चा गोंधळ पुष्कळांचा होतो. 'आय सॉ हिम टू फॉल' चूक, कारण कर्तरी वाक्यात 'टू' गळतो. पण वाक्य कर्मणी केलं की तो परत येतो: 'ही वॉज सीन टू एंटर द बिल्डिंग.' कोर्टाच्या इंग्रजीत कर्मणी फार चालतं, म्हणून हे पाठ करून टाक. 'ही वॉज सीन एंटरिंग'ही चालतं, अर्थ 'शिरताना'.

आता 'ताना'ची एक खोड, जी इंग्रजीत नेताना सांभाळावी लागते. 'मी रस्ता ओलांडताना त्याला पाहिलं.' रस्ता कोण ओलांडत होतं? या वाक्यात बहुधा मी. 'मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं' यात बहुधा तो. शब्दांची जागा हलली की ओलांडणारा बदलतो, आणि जबाब लिहिणारा शब्दांच्या जागा हलवत असतोच. इंग्रजीत तुला निवडावंच लागतं: 'व्हाइल आय वॉज क्रॉसिंग, आय सॉ हिम' किंवा 'आय सॉ हिम क्रॉसिंग'. अपघाताच्या प्रकरणात कोण फुटपाथवर होतं आणि कोण रस्त्यात, यावर सगळं उभं असतं. मूळ वाक्य दोन्हीकडे जात असेल तर स्वतःच्या मनाने एक बाजू उचलू नकोस.

तुझ्या त्या प्रकरणाकडे परत येते. साक्षीदाराने स्वतः 'पडलेले दिसले' म्हटलंय की लिहून घेणाऱ्याने, हे आधी कळायला हवं. त्याला बोलावून घे किंवा फोन कर, आणि 'तुम्ही त्यांना पडताना पाहिलंत का?' असं मात्र विचारू नकोस. अशा प्रश्नाला भला माणूस हो म्हणून टाकतो. 'तुम्ही खाली आलात तेव्हा तुम्हाला काय दिसलं?' एवढंच विचार आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं, हेल आणि अडखळणं सकट, वहीत उतरवून घे. त्याने आवाज ऐकला होता का, तेही विचार. धप्प असा आवाज वरच्या मजल्यावर ऐकला असेल तर 'आय हर्ड समवन फॉल' लिहू नकोस. कुणी पडलं हे त्याने नंतर ताडलं. 'आय हर्ड अ थड' एवढंच त्याच्या कानांचं आहे. मग मजकूर असा होईल: 'आय हर्ड अ थड. आय केम डाउन अँड सॉ हिम लायिंग ऑन द स्टेअर्स. आय डिड नॉट सी हिम फॉल.' शेवटचं वाक्य साहेबांना विचारून ठेव किंवा काढ. माझ्या मते ते असावं, कारण जे पाहिलं नाही ते आपणहून सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो.

साहेबांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. शिकणाऱ्या मुलीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण त्यांच्या लाल रेघेत एक गोष्ट बरोबर होती, ती घे आणि उद्या त्यांच्याकडे नुसतं दुरुस्त वाक्य नेऊ नकोस, साक्षीदाराचं मूळ बोलणं लिहिलेली वहीही ने. त्यातली 'ल्याचे'ची वाक्यं अधोरेखित कर आणि प्रत्येकापुढे साक्षीदार खरं काय म्हणाला ते लिही. हे काम ऑफिसात अजून कुणी केलेलं नसेल.

आणि सहीआधी साक्षीदाराला तो इंग्रजी मजकूर मराठीत समजावून सांगावा लागतो, तसा शेराही खाली येतो. ते काम घाईत दारात उभं राहून उरकू नकोस. त्याला बसव, पाणी दे, आणि तुझं इंग्रजी पुन्हा मराठीत सांगताना कचेरीचं 'ल्याचे' वापरू नकोस. 'पडलेले दिसले' आणि 'पडताना पाहिलं नाही' हे दोन्ही सावकाश म्हण, आणि दोन्हींच्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघ.